जंभेरी नावाचा नमुना

मित्रांनो, परवा तुमच्यापैकी कोणीतरी माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाले, "हा कोणता रे जुना टीव्ही?" मी टीव्ही नाही. मी एक जुना कंप्यूटर टर्मिनल आहे. माझ्या काचेवर कधी सिनेमा दिसला नाही, गाणी ऐकू आली नाहीत. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे उमटवायची, एवढेच माझे काम. आज प्रताप नगरातल्या तुमच्या शाळेच्या अडगळीच्या खोलीत, फाटक्या नकाशांच्या शेजारी मी बसलो आहे. माझी गोष्ट फार अभिमानाची नाही. तरीही सांगतो, कारण ती सांगितली पाहिजे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. लाकडी खोक्यात, गवतात गुंडाळून मला मालगाडीने नागपूरला आणले. तो ऐंशीच्या दशकाचा मधला काळ होता. काटोल रोडवर एका संस्थेने नवे शीतगृह बांधले होते. तिथे बियाणे, कंद, संत्री असा माल थंड खोल्यांत ठेवला जाई. मागच्या खोलीत एक मोठे यंत्र बसवले होते आणि मी त्याचे तोंड होतो. त्याच्याशी जे बोलायचे ते माझ्या कळा दाबून बोलायचे, आणि ते जे सांगेल ते माझ्या काचेवर वाचायचे. मी आलो त्या दिवशी माझ्यावर हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला. माझ्या खोलीत कोणी चपला घालून येत नसे. साऱ्या इमारतीत पंखे होते, पण एअरकंडिशनर फक्त माझ्या खोलीत होता. नव्या सुनेचेही इतके लाड होत नसतील.

माझ्यासमोर बसायची ती अरुंधती. तेवीस-चोवीस वर्षांची, नागपूरच्या महाल भागातल्या कारकुनी घराण्यातली मुलगी. पुण्याला जाऊन कंप्यूटर शिकून आलेली त्या भागातली ती पहिलीच. रोज लुना मोपेडवरून यायची, पदर खोचायची आणि माझ्या कळांवर तिची बोटे अशी चालायची की पाहणारा पाहतच राही. तिला मी फार आवडायचो. आणि खरे सांगतो, तिला स्वतःचाही थोडा गर्व होता. का नसावा? वडिलांच्या वयाची माणसे तिला "मॅडम" म्हणत आणि तिच्या खुर्चीमागे हात बांधून उभी राहत.

आता माझे काम थोडे समजून घ्या. शीतगृहात येणारा प्रत्येक माल वेगळ्या रीतीने ठेवावा लागतो. म्हणून मोठ्या यंत्रात मालाच्या प्रत्येक जातीचा एक नमुना करून ठेवलेला असे. त्याला टेम्प्लेट म्हणत. त्या नमुन्यात त्या मालाचे सगळे गुण लिहिलेले असत: कोणती खोली, किती थंडी, ओल हवी की नको, वारा किती. पोते आले की अरुंधती नमुन्याचे नाव टाकायची, आणि यंत्र चिठ्ठी छापून द्यायचे की ते अमुक खोलीत ठेवा.

हे नमुने पाहायच्या दोन आज्ञा होत्या. एक आज्ञा दिली की सगळ्या नमुन्यांची नुसती नावे एकाखाली एक येत. दुसरी आज्ञा देऊन पुढे एखादे नाव लिहिले, की त्या एका नमुन्याचे सगळे गुण उलगडत. पहिली आज्ञा झटपट होती आणि दिसायलाही छान. दुसरीला दोन-चार अक्षरे जास्त टंकावी लागत आणि वाचत बसावे लागे. मित्रांनो, सगळे रामायण या दोन आज्ञांच्या मधल्या फटीत घडले.

थंड खोल्यांचे काम देवाजी बघायचा. चाळिशीचा, अबोल माणूस. अंगात जाड कांबळ्याचा कोट घालून तो दिवसभर आतबाहेर करी. काटोलजवळच्या एका गावात त्याची थोरली बहीण जिजाबाई राहायची. तिची संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका होती. तुम्हाला ठाऊकच असेल, संत्रे स्वतःच्या मुळावर उभे करत नाहीत. आधी जंभेरीचे, म्हणजे एका रानटी लिंबाचे, रोप वाढवायचे आणि त्याच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधायचा. जिजाबाईच्या बांधावर तिच्या सासऱ्याने लावलेले जंभेरीचे एक झाड होते. ज्या मळ्यांत मुळे सडून झाडे जात, तिथेही त्या जंभेरीवरची कलमे तग धरत. लोक लांबून तिची कलमे न्यायला येत.

त्या वर्षी फळे उतरवली आणि थोड्याच दिवसांत वादळात ते झाड मुळासकट आडवे झाले. तिच्या वाफ्यांच्या मातीतही रोग शिरला होता, म्हणून लगेच पेरणे शक्य नव्हते. नवी जमीन तयार होईपर्यंत बी जिवंत ठेवायचे कसे? देवाजी बहिणीला म्हणाला, "आमच्या तिथं ठेव. कंप्यूटर हाये आता. तुह्या बियाले काई होत नाई, मी हाये ना."

जिजाबाई स्वतः पोते घेऊन आली. बी ओलसर राखेत कालवून, फडक्यात बांधलेले. ती माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली आणि मला लांबूनच नमस्कार केला. तो नमस्कार मला अजून आठवतो आणि अजून लाजवतो.

जंभेरीचा नमुना तेव्हा यंत्रात नव्हता. संस्थेच्या कृषी सल्लागारांनी अरुंधतीला नीट सांगितले होते की जंभेरीचे बी ओलसर ठेवायचे आणि थंडी बेताची, तीन नंबरच्या खोलीत. कोरडे पडले किंवा गोठले की मेलेच. अरुंधतीला हे पक्के ठाऊक होते. तिने सोपा रस्ता धरला. कोरड्या बियाण्याचा जुना नमुना उचलला, त्याची नक्कल केली आणि तिला जंभेरी हे नाव दिले. आता आतले गुण बदलायचे होते. तिने बदलाची आज्ञा टंकली. घाईत एक स्वल्पविराम चुकला. मोठ्या यंत्राने आज्ञा नाकारली, आणि तसे मी माझ्या काचेवर खाली स्पष्ट दाखवले.

नेमके तेव्हाच दार उघडले. व्यवस्थापक मधुकरराव पाहुण्यांना घेऊन आत आले. कोणत्या तरी मंडळाची मोठी माणसे होती. "या, या. आमचा कंप्यूटर बघा! मॅडम, दाखवा बरं जरा आपले सगळे नमुने."

अरुंधतीने नावांची आज्ञा दिली. भराभरा नावे उमटू लागली आणि पडदा वर सरकू लागला. आज्ञा नाकारल्याची ती एक ओळही वर सरकली, काचेच्या कडेपाशी पोचली आणि नाहीशी झाली. नावांच्या शेवटी होते जंभेरी.

"हा तर आत्ताच बनवला," अरुंधती हसून म्हणाली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एक जण म्हणाला, "वा! नागपूर पुढे गेलं हो."

पाहुणे चहाला गेले. अरुंधतीचे गाल आनंदाने फुलले होते. त्याच आनंदात तिने पोत्याची चिठ्ठी काढली. देवाजीने ती हातात घेतली, जरा थांबला. "एक नंबर खोली, मॅडम?"

"जे छापलंय ते," ती म्हणाली. तिने मान वळवून पाहिलेही नाही.

एक नंबरची खोली कोरड्या बियाण्याची होती. तिथली थंडी शून्याच्या खाली.

माघात जिजाबाईची नवी जमीन तयार झाली. तिने पोते नेले, वाफे केले, बी पेरले, झारीने पाणी घातले. एक कोंब वर आला नाही. थोडे दिवस वाट पाहून तिने माती उकरली आणि मूठभर बी घेऊन ती थेट शीतगृहात आली. मधुकररावांच्या टेबलावर तिने एकेक बी नखाने फोडून दाखवले. आत तपकिरी, सुकलेले, निर्जीव.

"माह्या सासऱ्याचं झाड होतं, साहेब," ती म्हणाली. "झाड गेलं, आता बियानंबी गेलं. कोनं केलं हे?"

सगळे माझ्या खोलीत आले. मधुकरराव म्हणाले, "मॅडम, जरा बघा."

अरुंधतीने नावांची आज्ञा दिली. नावे आली. तिने शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. "हे बघा, जंभेरीचा वेगळा नमुना आहे. मी स्वतः केलाय. कंप्यूटरमध्ये सगळं बरोबर आहे."

मला बोलता आले असते तर मी ओरडलो असतो की नाव वाचलेस, आता आत उघडून बघ. पण मित्रांनो, मला जेवढे विचारले जाते तेवढेच मी सांगू शकतो. तिने नावे विचारली, मी नावे दाखवली.

मग सगळ्यांच्या नजरा देवाजीकडे वळल्या. कंप्यूटर बरोबर, तर चूक माणसाची. दुसरे काय?

"चिठ्ठीवर एक नंबर होता, साहेब," देवाजी म्हणाला. "मी मॅडमले इचारलंबी होतं."

"मला नाही आठवत," अरुंधती म्हणाली. ती खोटे बोलत नव्हती. तिला खरेच आठवत नव्हते. ज्या माणसाकडे वळून पाहिले नाही, त्याचा प्रश्न लक्षात कसा राहील?

"कोणती चिठ्ठी? आण बरं," मधुकरराव म्हणाले. चिठ्ठी कोण जपून ठेवतो?

जिजाबाई भावाकडे वळली. "तुह्या शब्दावर देल्लं होतं मी. झोपला होता का गा तू? का कोनाले इकून, दुसरं भरून ठेवलं त्यात?"

"बाई, असं काहून बोलून राहिली?"

"मंग मशीन खोटं बोलून राहिलं का? एवढं मोठं मशीन?" तिने माझ्याकडे हात केला. "माह्या दारी येऊ नको आता."

देवाजीला कामावरून काढले. जाताना त्याने तो कांबळ्याचा कोट घडी करून खुर्चीवर ठेवला आणि निघून गेला. अरुंधतीने सुस्कारा सोडून पुढचे काम हातात घेतले.

पुढे शामला नावाची एक नवी मुलगी शिकायला आली. अरुंधती तिला माझ्या आज्ञा शिकवू लागली. एके दिवशी नावांची यादी दाखवून झाल्यावर शामला म्हणाली, "ताई, ही नुसती नावं झाली. आतलं कसं बघायचं?"

"सोपं आहे. ही आज्ञा, आणि पुढे नाव. कोणतंही टाक."

शामलाने यादीतले शेवटचे नाव टाकले.

मी ओळी उमटवू लागलो. शामला प्रत्येक ओळीवर बोट फिरवत वाचत होती, पाढे म्हणावेत तशी. "नाव, जंभेरी. कशावरून घेतला, कोरडे बियाणे. खोली, एक. ओल, नाही. थंडी, शून्याखाली. बनवला कोणी, अरुंधती. नंतर केलेले बदल, नाहीत." ती हसून वळली. "ताई, तुमचं नावपण दाखवते हे!"

अरुंधतीचा चेहरा माझ्या काचेत दिसत होता. इतक्या वर्षांत तिचे कितीतरी चेहरे माझ्यात दिसले, पण असा कधी नव्हता. तिने तीच आज्ञा पुन्हा दिली. त्याच ओळी आल्या. मग तिने हात कळांवरून उचलून मांडीवर ठेवले.

"एक नंबर खोली, मॅडम?" तो आवाज तिला त्याच क्षणी आठवला असावा, कारण ती दाराकडे वळून पाहू लागली. दारात कोणी नव्हते.

तिला वाटले असते तर त्याच दिवशी तिने सांगितले असते. पण शरम ही मोठी विचित्र गोष्ट आहे, मित्रांनो. ती माणसाला खरे बोलायला लावते, आणि त्याआधी बरेच दिवस तोंड बंदही करते. अरुंधती माझ्यासमोर यायची, काम करायची, शामलावर उगीच खेकसायची. डबा उघडून तसाच बंद करायची. शेवटी ती मधुकररावांकडे गेली. आमच्या दोन खोल्यांमध्ये काचेची एक तकलादू भिंत होती, मला सगळे ऐकू येई.

मधुकररावांनी तिचे सगळे ऐकून घेतले. मग हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, झालं ते झालं. देवाजी बर्फाच्या कारखान्यात लागला म्हणतात. त्याचं भागून राहिलं. तुम्ही नमुना दुरुस्त करून टाका. पडद्यावर बदललं की कोणाला काय दिसते? संस्थेचं नाव आहे, तुमचं नाव आहे."

ते वाईट माणूस नव्हते. घाबरले होते, एवढेच.

अरुंधती परत आली. तिने बदलाची आज्ञा टंकली, या वेळी एक स्वल्पविरामही न चुकता. आता फक्त शेवटची कळ दाबायची होती. तिचे बोट त्या कळेवर टेकलेले मला जाणवत होते. माझ्या काचेवरचा चौकोनी ठिपका लुकलुकत राहिला. मग तिने एकेक अक्षर खोडायला सुरुवात केली. सगळे खोडून झाल्यावर ती शामलाला म्हणाली, "मी सांगेपर्यंत जंभेरी नावावर एकही पोतं घ्यायचं नाही." आणि उठून लुनाची किल्ली घेतली.

ती बर्फाच्या कारखान्यात गेली, देवाजीला भेटली. दुसऱ्या दिवशी एसटीने जिजाबाईच्या गावी गेली. दोन्हीकडे तिने फक्त एवढेच सांगितले की शीतगृहात या, मला तुमच्यासमोर काही बोलायचे आहे. हे मला मागाहून शामलाच्या बोलण्यातून कळले.

दोघे आले. देवाजी दारापाशी थांबला, जिजाबाई भिंतीपाशी. बहीणभावाने एकमेकांकडे पाहिले नाही. मधुकररावही येऊन उभे राहिले. अरुंधतीने आज्ञा दिली, गुण उलगडले, आणि ती एकेक ओळ मराठीत सांगू लागली. खोली कोणती, ओल नाही, थंडी किती. आणि मग आपले नाव. त्यावर तिने बोट ठेवले. "ही चूक माझी आहे. देवाजींनी चिठ्ठीप्रमाणेच केलं."

जिजाबाई पडद्याकडे बघत राहिली. तिला ती इंग्रजी अक्षरे वाचता येत नव्हती.

"बाई," ती शांतपणे म्हणाली, "त्या दिवशीबी तुमी याच डब्याकडं बोट दाखवलं होतं. तवा म्हनलं, भाऊ खोटा. आज म्हनता, भाऊ खरा. मी कोनतं धरू?"

माझ्यातला पंखा तेवढा घरघरत होता. मला माझ्या प्रत्येक हिरव्या अक्षराची लाज वाटली.

अरुंधतीने हात लांब करून माझी कळ बंद केली. काच काळी झाली. ती खुर्चीवरून उठली आणि जिजाबाईच्या समोर जाऊन उभी राहिली, अगदी जवळ.

"याचं नका धरू," ती म्हणाली. "माझं ऐका. मला सल्लागारांनी नीट सांगितलं होतं. पाहुणे आले, त्यांना दाखवायच्या नादात माझं काम अर्धं राहिलं. देवाजींनी मला विचारलं होतं, एक नंबर खोली का म्हणून. मी वळूनसुद्धा पाहिलं नाही. नंतर तुम्ही बी घेऊन आल्या, तेव्हाही मी आत उघडून बघितलं नाही, कारण माझं चुकेल असं मला वाटलंच नाही. त्यांचं चुकेल असं मात्र लगेच वाटलं."

बोलता बोलता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, पण तिने ते पुसले नाही. "मला माफ करा म्हणायचंसुद्धा तोंड नाही."

"मंग म्हनू नका," जिजाबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, नुसता थकवा होता. "मले नाई देता येत आज." मग ती पहिल्यांदा भावाकडे वळली. "देवा, होळीले तू पुरन घेऊन दारात उभा होता. मी कडी लावली आतून. लेकराईलेबी उघडू देल्लं नाई."

"राहू दे वं बाई," देवाजी म्हणाला.

"काहून राहू देऊ? बी मेलं, ते मेलं. मी जे बोलली ते कसं वेचू आता?"

मधुकरराव खाकरून म्हणाले, "देवाजी, उद्यापासून या कामावर." देवाजीने त्यांच्याकडे पाहिले, मान हलवली, नाही म्हणून. "आता नाई जमत, साहेब. त्या खोल्याईत गेलो तर हेच आठवीन." मग त्याने अरुंधतीकडे पाहिले. मला वाटले तो काही कडवट बोलेल. तो म्हणाला, "मॅडम, तुमी गावात येऊन सांगसान का? बाईनं ऐकलं. पन पारावर बसनाऱ्याईनं नाई ऐकलं."

"येते," अरुंधती म्हणाली.

आणि ती गेली. पुढच्याच रविवारी, एकटी. पारावर बसलेल्या माणसांसमोर उभे राहून तिने सगळे पुन्हा सांगितले. कोणी म्हणाले, पोरगी हिमतीची. कोणी म्हणाले, शिकलेल्या लोकांचा काय भरवसा. दोन्ही ऐकून ती परत आली. शामलाने विचारले, "ताई, कसं झालं?" ती म्हणाली, "व्हायला पाहिजे तसं."

त्यानंतर अरुंधती माझ्यासमोर बरीच वर्षे बसली. चिठ्ठी काढण्याआधी ती प्रत्येक वेळी तो नमुना उघडायची आणि पोते घेऊन आलेल्या माणसाला त्याचे सगळे गुण मोठ्याने वाचून दाखवायची. "असंच ठेवायचं ना?" असे विचारायची. लोक कंटाळत. बाहेर रांग लागे. कोणी माझी स्तुती केली की ती मान खाली घालून दुसरेच काहीतरी बोले. देवाजी पुन्हा शीतगृहात आला नाही. जिजाबाईने दुसरीकडून जंभेरीचे बी आणले, पण त्या झाडाची सर त्याला आली नाही, असे म्हणतात.

मग माझ्यापेक्षा देखणी यंत्रे आली. माझी काच पिवळी पडली, दोन कळा निघाल्या. एअरकंडिशनर नव्या यंत्राच्या खोलीत गेला. काही वर्षे मी जिन्याखाली धूळ खात पडलो आणि एक दिवस कोणीतरी मला तुमच्या शाळेला देऊन टाकले.

मित्रांनो, मला पुसा, झाका, असे मी म्हणणार नाही. माझे दिवस झाले. पण उद्या तुमच्या हाताखाली माझ्याहून कितीतरी हुशार यंत्रे येतील. ती भराभर उत्तरे देतील आणि ती तुमच्याच बाजूने बोलत आहेत असे तुम्हाला वाटेल. त्या वेळी समोर एखादा माणूस उभा असेल आणि हळू आवाजात वेगळेच काही सांगत असेल, तर आधी त्याच्याकडे वळा. मग यंत्राला पुन्हा विचारा, आतपर्यंत उघडून विचारा. आम्हाला हजारदा विचारले तरी आमचा अपमान होत नाही. माणसाचा मात्र एकदाच होतो, आणि तेवढा त्याला जन्मभर पुरतो.